कडक की खुसखुशीत

पहाटेचे पाव निघाले आणि भट्टीचा राग जरा उतरला, की अकराच्या सुमारास पंचवटीतल्या त्या बेकरीच्या मागच्या दाराशी बायका जमायच्या. प्रत्येकीच्या हातात दोन पिशव्या. एकीत मैदा, रवा, पिठीसाखर. दुसरीत तुपाचं भांडं, वर फडकं बांधलेलं. काखेत पत्र्याचा रिकामा डबा, बिस्किटं घरी न्यायला. जिन्नस घरचे, भट्टी बेकरीची आणि हात मल्हारीचे, असा तो मामला होता. मे महिन्याच्या सुट्ट्यांत एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा, असे वर्षाला दोन हंगाम. विकतच्या पुड्यातल्या बिस्किटांना तेव्हा घरोघरी जरा नाक मुरडलं जाई.

पिशव्या ठेवून बायका परत जात नसत. तिथंच पोत्यांवर, उलट्या घमेल्यांवर बसून राहत आणि आपल्या तुपावर नजर ठेवत.

"मल्हारी, माझं तूप न् हिचं तूप एक करू नको रे बाबा," लताबाई ओरडायच्या. त्या गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, भाजी विकत आणि बोलणंही भाजी विकल्यासारखंच, लांबून ऐकू येणारं.

"मावशी, तुपाला तोंड असतं तर त्यानंच ओरडून सांगितलं असतं, मी लताबाईंच्या घरचं."

"तुपाला नाय, पण मला हाय."

"ते अख्ख्या पंचवटीला ठाऊक हाय."

नव्या बाईला मल्हारी एकच प्रश्न विचारी. "कडक की खुसखुशीत?" जी एकदा येऊन गेली तिला पुन्हा विचारायची गरज नसे. नावं त्याच्या डोक्यात टिकत नसत, चेहरेही सरमिसळ होत. पण घराघराच्या बिस्किटाचा पोत तो कधी विसरला नाही. रामकुंडाजवळच्या एका गुरुजींना चहात बुडवून मनात पाच मोजेपर्यंत न तुटणारं लागे. लताबाईंच्या सासऱ्यांचे दात गेलेले, म्हणून त्या घरचं जिभेवर ठेवलं की बसणारं. एका वकिलाला कडा करपलेल्या आणि मधोमध ओलसर हवं असे; असं बिस्कीट करणं म्हणजे दोन नवसांना एकच बोकड दाखवणं, पण मल्हारी ते करी.

भट्टीची जागा न् जागा त्याला पाठ होती. बिस्किटं मांडलेला पत्रा मागच्या भिंतीला भिडवला की कडक निघे, दाराजवळचा मऊ. मध्ये जरा डावीकडे हातभर जागा होती, तिथं बिस्कीट हळूहळू वाळे, आतून पोकळ होई आणि रंग मात्र गव्हासारखा राही. भट्टीतून निघताना सगळीच बिस्किटं मऊ असतात. कडक व्हायचं की नाही ते बाहेरच्या हवेत ठरतं, आणि तेवढा वेळ त्यांना हात लावायचा नसतो. मल्हारी पत्र्याशेजारी उभा राही. मग एक उचलून कानाजवळ मोडी. आवाज ऐकला की डबा भरायला घेई. मोडलेला तुकडा तोंडात टाके, पण ते खाणं नव्हे. त्या तुकड्यात तो दुसऱ्याचं तोंड चाखत असे.

शहाण्णव सालच्या दिवाळीत महापालिकेच्या शाळेतल्या छायाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांचा पत्रा थंड होत होता. वेळ घालवायला म्हणून त्यांनी विचारलं,

"मल्हारी, सगळ्यांच्या घरचं तुम्हाला माहीत. तुमच्या घरी कशी लागतात?"

"खुसखुशीत," तो म्हणाला. विचारसुद्धा करावा लागला नाही. "एकदम. तोंडात ठेवली की संपली."

"कुणाला, बायकोला?"

"पोरीला."

"आणि बायकोला?"

"तिला काय, डब्यात उरंल ते," लताबाई मधेच म्हणाल्या, आणि पोत्यांवरच्या सगळ्याजणी हसल्या. मल्हारीही हसला.

दुपारी बायका गेल्यावर तो माळ्यावर जाऊन आडवा झाला तेव्हा ते उत्तर त्याला टोचायला लागलं. खुसखुशीत, हे त्याला कुणी सांगितलं होतं? पोरगी आता आठ वर्षांची होती. तिनं ते सांगितलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. दोनशे घरांची आवड तो दरवर्षी पारखून घेत होता आणि स्वतःच्या घरची म्हणून जी सांगत होता, ती पाच वर्षांपूर्वीच्या एका दुपारची होती.

ती दुपार सिंहस्थाच्या वर्षातली. घर नांदगावच्या पुढं एका वाडीत. तो एकोणनव्वदमध्ये कामाला नाशकात आला, तेव्हा त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून बायको, मैना, मागं राहिली. सिंहस्थात मात्र पंधरा दिवस आली. आईपाशी नणंद बसली होती. मैना, कडेवर हर्षाली, आणि एक बोचकं. बेकरीच्या माळ्यावर तिघं राहिली. खालच्या भट्टीची भिंत वर माळ्यापर्यंत यायची, ती रात्रंदिवस तापलेली. चौथ्या दिवशी पोरीच्या अंगभर घामोळं उठलं. मैनानं स्नान उरकलं, पंधरावा दिवस कसाबसा गाठला आणि ती परत गेली. पुन्हा आली नाही. भांडण झालं नव्हतं. आई वारली पंच्याण्णवला, तेव्हा पोरीची शाळा होती. शाळेनंतर शेळ्या होत्या. पुढं पुढं कारण विचारायचंच राहून गेलं. एखादी खिडकी बरेच दिवस उघडली नाही की ती भिंतच वाटायला लागते, तसं झालं.

त्या पंधरा दिवसांतल्या एका दुपारी मल्हारीनं दाराजवळच्या पत्र्यावरचं एक बिस्कीट फुंकर मारून पोरीच्या हातावर ठेवलं होतं. तिनं ते तोंडात घातलं. ते विरलं. तिनं रिकामं तोंड उघडून दाखवलं आणि म्हणाली, "मऊ हाय. आनखी." एवढंच. मैना शेजारी बसून पदरानं तिचं तोंड पुसत होती. त्या दिवशी मैनानं काय खाल्लं, खाल्लं की नाही, ते त्याला आठवत नसे. आठवायचा त्यानं प्रयत्नही केला नव्हता.

त्या सिंहस्थाच्या वर्षीच्या दिवाळीपासूनच घरी डबा पाठवणं सुरू झालं. सगळ्या गिऱ्हाइकांचं उरकलं की धनत्रयोदशीच्या दुपारी, ती मधली हातभर जागा तो स्वतःसाठी ठेवी. तूप-साखर इतकी फेसायची की हातावर घेतली तर वजन लागू नये. बिस्किटं इतकी हलकी की बोटाच्या पेरांनी उचलावी लागत. मग डब्यात गोल रचायची, दोन थरांमध्ये कागद. प्रत्येक घराच्या पहिल्या पत्र्यावर त्या घराच्या नावाची चिठ्ठी तुपानं चिकटवलेली असे. ह्या पत्र्यावर चिठ्ठी असे हर्षालीच्या नावाची.

डबा न्यायचा गेणू. मल्हारीच्याच वाडीचा, टेम्पोवाला. मिरच्या-गवार घेऊन पंचवटीच्या बाजारात यायचा आणि रिकामा टेम्पो घेऊन परत जायचा.

"भाऊ, पुढं ठेवू माझ्याजवळ?" त्यानं पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"येडा का तू? पुढं इंजिनाची गरमी. तूप सुटंल, बिस्कीट बसंल. मागंच ठेव, वाऱ्याला."

भट्टीवाल्यापुढं गेणू काय बोलणार? डबा मागं गेला, दरवर्षी मागंच गेला.

घरी डबा उघडायच्या वेळी मल्हारी कधीच नसे. दिवाळीत भट्टी, मग लग्नसराईचे पाव, मग मे महिना. तो घरी जाई आषाढात, चार दिवस. तोवर डबा धुऊन-पुसून फळीवर पालथा पडलेला असे. दरवेळी पोरगी नवीच निघे. एका वर्षी वेणी, एका वर्षी चष्मा, एका वर्षी दाराआडून बोलणारी. पाहुण्याला देतात तसा तांब्या-पेला त्याच्यासमोर ठेवी.

"बिस्किटं कशी होती गं?"

"चांगली होती."

"मऊ होती ना?"

"हो."

तो थोडा वेळ वाट बघे. ती पाय घासत उभी राही आणि मग निघून जाई. चुलीपाशी मैना भाकरी थापत असे. तिला तो विचारी, "पोरीनं खाल्ली ना सगळी?" ती म्हणे, "एक कण ठेवला नाय डब्यात." आणि भाकरी उलटे.

परत जाताना तोच डबा त्याच्या हातात येई. आत कुरडया, कधी बाजरी, कधी सांडगे. मैनाचं सगळं बोलणं त्या डब्यातून येत असे आणि मल्हारी ते तळून खात असे.

काळ पुढं सरकला. दुसरा सिंहस्थ येऊन गेला. पुड्यातली बिस्किटं शंभर तऱ्हेची झाली आणि बायकांना पोत्यावर बसून तूप राखायला वेळ राहिला नाही. बेकरीच्या पुढच्या बाजूला काच आली, काचेमागं विजेवरची भट्टी. मागच्या दाराशी आता आठ-दहाजणीच येत. लताबाईंचे सासरे गेले होते. तरी त्या अजून जिभेवर बसणारीच करून नेत, कारण आता त्यांचे स्वतःचे दात गेले होते. मल्हारीच्या कानाचे केस पिकले. तो अजून त्याच कानाशी बिस्कीट मोडत होता.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात हर्षालीला नाशकात नर्सिंगला प्रवेश मिळाला. एका रविवारी दुपारी ती बेकरीत येणार असा निरोप गेणूनं आणला. मल्हारीनं आदल्या दिवशीच तूप आणलं, साजूक. ऑगस्टात कोण बिस्किटं भाजतं? पण त्यानं भट्टी धरून ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ज्याच्यासाठी बिस्कीट केलं ते तोंड त्याच्या समोर असणार होतं. आपण ओळखलं ते बरोबर होतं की नाही, ते आता त्याला डोळ्यांनी दिसणार होतं.

ती आली. छत्री मिटून दारात ठेवली. त्यानं घमेलं उलटं करून, फडक्यानं पुसून तिला बसायला दिलं. पत्रा निघाला, थंड झाला. कागदावर तीन बिस्किटं ठेवून त्यानं कागद तिच्यापुढं केला.

हर्षालीनं एक उचललं. उलटंपालटं करून बघितलं आणि हसली.

"असं असतंय होय हे?"

"म्हणजे?"

"अख्खं कधी बघितलंच नव्हतं आबा." तिला ते गमतीचंच वाटत होतं. "आपल्याकडं डबा उघडला की नुसता भुगा. वर कागदच तेवढे. गेणूकाका म्हणायचे, मनमाडच्या पुढं रस्ता लय वाईट. आई वाटीत काढायची न् वरून दूध घालायची. चमच्यानं खायचो."

"दरवर्षी?" मल्हारीनं विचारलं.

"दरवर्षी."

"मग सांगितलं का नाय?"

"आई म्हणायची, सांगू नको. माणूस तिथं एकटा बसून मन लावून करतोय."

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. मल्हारीच्या डोक्यात पंधरा दिवाळ्या होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीत एक मुलगी डब्यातून अलगद एक बिस्कीट उचलत होती. माळ्यावर पडल्या पडल्या त्यानं ते इतक्या वेळा बघितलं होतं की ते घडलेलंच होतं. ती मुलगी आता एकामागून एक सगळ्या दिवाळ्यांतून उठून गेली.

"पण आवडायचा का तुला? भुगा?"

हर्षालीनं चष्मा पुसला. खोटं बोलावं की नाही, हे ती ठरवत होती, ते त्याला दिसलं. "लहानपणी आवडायचा. नंतर... मला कडकच आवडतात आबा. चहात बुडवली तरी न मोडणारी. होस्टेलवर आम्ही तीच खातो."

तिनं तिन्ही बिस्किटं खाल्ली. चांगली आहेत म्हणाली. पाचला होस्टेलचं दार बंद होतं म्हणून साडेचारला निघाली. उरलेली द्यायला त्यानं पुडी बांधली, आणि मग पुडीकडं बघून पुन्हा सोडली. मोडूनच जातील, म्हणाला.

दिवाळीला ती सुट्टीत घरी निघाली तेव्हा त्यानं पहिल्यांदा कडक केली. मागच्या भिंतीला पत्रा लावला आणि दोनदा भाजली. डब्यावर हात आपटला तरी आतून नुसता खडखडाट. हर्षालीची मैत्रीण रिक्षात थांबली होती. हर्षालीनं डबा मांडीवर घेतला, एक बिस्कीट काढून दातांनी मोडलं. काडकन आवाज झाला. रिक्षाच्या घरघरीतूनही तो मल्हारीला ऐकू आला.

"आत्ता बघा," ती म्हणाली. "याला म्हणतात बिस्कीट."

रिक्षा गेली. मल्हारी दारात उभा राहिला. उत्तर शेवटी बरोबर आलं होतं. त्याला वाटलं होतं, बरोबर आल्यावर काहीतरी भरून येईल. तसं काही झालं नाही. भट्टीत राख ओढायची होती, ती त्यानं ओढली.

तुळशीच्या लग्नानंतर गेणू मिरच्या घेऊन आला आणि धुतलेला डबा मल्हारीपुढं ठेवून चहा मागितला.

"भाऊ, औंदा काय बिनसलं तुझं?"

"का रं?"

"वहिनी इचारत व्हत्या, तब्येत बरी हाय ना म्हणून. म्हणल्या, दगडासारखी झाली. उखळात कुटली त्यांनी."

"कुटली?"

"मग? कुटून वाटीत, वरून दूध. पण म्हणल्या, तसं नाय लागत. कणी राहती दाताखाली." गेणूनं बशीत चहा ओतला. "पोरीनं खाल्ली चार-दोन. पण ती तर पाचवी-सहावीपासून हात बी लावत नव्हती डब्याला. तो अख्खा डबा वहिनीचाच. दुपारी कामं उरकली का ओट्यावर बसायचं, वाटी घ्यायची, चमचा घ्यायचा. एकलंच. महिना-दीड महिना पुरवायच्या. कुणी आलं का वाटी पदराखाली."

"मला कधी बोलली नाय ती," मल्हारी म्हणाला.

"तू इचारलं व्हतं का?" गेणू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

एक कण ठेवला नाय डब्यात. ते ती दरवर्षी सांगत होती, भाकरी उलटताना. कुणी ठेवला नाही, ते तो आपला आपणच धरून चालला होता. छायाबाईंनी विचारलं होतं, आणि बायकोला? तेव्हा सगळ्या हसल्या आणि त्यांच्यासोबत तोही हसला.

"कधी निघतो तू?" त्यानं गेणूला विचारलं.

"दोनला. का?"

"चारला नीघ."

गेणू कुरकुरत बाजाराकडं गेला. हंगाम संपला होता, मागच्या दाराशी कोणी नव्हतं. मल्हारीनं बेकरीच्या शेठकडून मैदा मागून घेतला, कोपऱ्यावरून तूप आणलं. तूप-साखर फेसायला घेतली, नेहमीपेक्षाही जास्त वेळ, दंड भरून येईपर्यंत. रवा अजिबात घातला नाही, कणी राहते म्हणून. मधल्या त्या हातभर जागेवरचे निखारे सारखे केले. पत्रा आत सारण्याआधी चिठ्ठी लिहायची होती. पेन्सिल हातात घेऊन तो जरा थांबला. एवढ्या वर्षांत हे नाव त्यानं कधी लिहिलंच नव्हतं. मैना, त्यानं लिहिलं, आणि चिठ्ठी तुपाच्या बोटानं पत्र्याच्या कोपऱ्याला चिकटवली.

पत्रा थंड होत होता तेव्हा त्यानं स्वतःसाठी एक उचललं. कानाशी नेलं नाही. वाटीत चुरलं, चहासाठी ठेवलेलं दूध वर ओतलं आणि उलट्या घमेल्यावर बसून चमच्यानं खाल्लं. ते बिस्कीट नव्हतं. गोड, जड, गार, घशाशी जरा अडणारं. ते चावावं लागत नव्हतं आणि त्याचा आवाज होत नव्हता. ओट्यावर एकट्यानं बसून खायला ठीक होतं. त्यानं वाटी विसळून ठेवली.

चारला गेणू आला. मल्हारीनं डबा भरून ठेवला होता. ह्या वेळी गोल रचला नव्हता, थरांमध्ये कागद नव्हते. पत्रा तिरपा करून नुसता ओतला होता.

"आता माझ्याच जवळ ठेवतो भाऊ, सीटवर," गेणू म्हणाला. "गोणपाटात गुंडाळून. एक बी मोडणार नाय बघ."

"नको," मल्हारी म्हणाला. "मागंच ठेव."

त्यानं स्वतः टेम्पोत चढून डबा रिकाम्या हौद्याच्या मधोमध ठेवला, कशाचाही टेकू न देता, आणि खाली उतरला.